नकाशावर नवीन नाव आलं की काय बघायचं: महासत्तांचं भांडण नव्या भागात कसं पोचतं ते ओळखायची पद्धत

तासगाव-मिरज पट्ट्यात ज्यांनी २०२४ च्या सीझनला युरोपला द्राक्षं पाठवली त्यांना हा विषय वेगळा समजावून सांगायला नको. माल वेळेवर पॅक झाला, कंटेनर निघाला, पण लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केलेले, त्यामुळं बोट सुएझ सोडून आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून गेली, दहा-पंधरा दिवस जास्त लागले आणि भाडं कुठच्या कुठं गेलं. पुढच्या वर्षी चीनकडनं येणारी विद्राव्य खतं अडकली तेव्हा खताच्या दुकानातसुद्धा चीनची चर्चा. म्हणजे ज्या जागेचं नाव कालपर्यंत कुणाला माहीत नव्हतं तिथं मोठ्या देशांची ओढाताण सुरू होते आणि चटका बसतो आपल्या बागेला.

विश्रामबागेतल्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं हाच प्रश्न सारखा विचारतात, सर, हे लोक तिथं गेलेच कशाला? याची दोन उत्तरं तयार असतात. एक, तिथं तेल आहे. दोन, ताकद दाखवायला. दोन्ही अर्धवट आहेत, कारण तेल पन्नास ठिकाणी असतं आणि ताकद कायमच दाखवायची असते, मग हीच जागा का आणि हेच वर्ष का, ते यातनं कळत नाही. म्हणून मी पोरांना जे प्रश्न ज्या क्रमानं लावायला सांगतो ते इथं लिहितोय. एक शाळेचा ॲटलास, एक वही, एवढंच लागतं.

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगतो. महासत्ता नव्या भागात शिरते तेव्हा बहुतेक वेळा आतनं कुणीतरी दार उघडलेलं असतं. वॉशिंग्टन, मॉस्को, बीजिंगमध्ये काय शिजलं ते नंतर बघा, पण त्या छोट्या देशात आत काय चाललं होतं ते कळल्याशिवाय बातमी कळली असं समजू नका.

ॲटलासपासून सुरुवात करा

नाव वाचलं की पहिल्यांदा त्याच्या शेजारचं पाणी बघायचं. जिबूती घ्या. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे जोडले तर त्याहून थोडा मोठा, एवढाच देश, पण बसलाय बाब-एल-मंदेबच्या तोंडावर, तीसेक किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी, आपल्याकडनं सुएझला जाणारं प्रत्येक जहाज तिथनंच जातं. म्हणून अमेरिकेचा तळ तिथं, फ्रान्सचा तिथं, जपानचा, इटलीचा तिथं, आणि चीननं २०१७ मध्ये परदेशातला आपला पहिला लष्करी तळ उघडला तोपण तिथंच, अमेरिकेच्या तळापासून गाडीनं जाता येईल एवढ्या अंतरावर. नकाशा न बघता ही बातमी वाचली तर काहीच उमगत नाही.

पण जागा मोक्याची आहे एवढ्यावर थांबायचं नाही. पुढचा प्रश्न असा, की हे नवीन ठाणं कुठल्या जुन्या गोष्टीच्या राखणीसाठी घेतलंय? मला विचाराल तर भांडण पसरण्याचं निम्मं गणित याच प्रश्नात आहे, आणि याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे.

साताऱ्याजवळचं आपशिंगे, मिलिटरी आपशिंगे म्हणूनच सगळे ओळखतात, घराघरात फौजी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांच्या नावानं इंग्रजांनी उभारलेलं स्मारक गावात आहे. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात म्हणजे आत्ताच्या इराकमध्ये लढत होत्या. आता भांडण इंग्रज आणि जर्मनांचं, पेटलं युरोपात, मग आपल्याकडची पोरं टायग्रिस नदीच्या काठावर कशी पोचली? इंग्रजांचं आरमार कोळशावरनं तेलावर चाललं होतं, तेल इराणातनं यायचं, रिफायनरी आबादानला, आणि १९१४ मध्येच ब्रिटिश सरकारनं त्या अँग्लो-पर्शियन कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतलेला. जर्मन लोक बर्लिनपासून बगदादपर्यंत रेल्वे टाकत होते आणि तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूला गेलं. झालं, नोव्हेंबर १९१४ मध्ये सहावी पुणे डिव्हिजन फाओला उतरली. काम काय, तर तेल राखायचं. पण तेल राखायला बसरा पाहिजे, बसरा राखायला कुर्ना पाहिजे, मग अमारा, मग कूत, आणि एवढं आलोच आहोत तर बगदाद. बगदादच्या अलीकडं मार खाल्ला, माघारी कूतला आले, वेढ्यात सापडले, उपाशी राहिले आणि २९ एप्रिल १९१६ ला तेरा हजाराच्या आसपास माणसांनी शरणागती पत्करली, त्यात मराठा पलटणीपण होत्या. बगदाद घ्यायचंच असं पहिल्या दिवशी ठरलेलं नव्हतं, प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाच्या राखणीसाठी पडलं आणि त्या प्रत्येक पावलाला त्या त्या वेळी शहाण्यासुरत्या माणसांनी होकार दिलेला.

म्हणून वहीत पहिल्या रकान्यात लिहा, जागा कुठली, आणि तिच्यामागं राखायची गोष्ट कुठली. अशा साखळीला शेवट नसतो, कारण नवीन घेतलेली जागापण उद्या राखावीच लागते.

मग बघा, आधी तिथं कोण होतं आणि ते कधी गेलं

हा प्रश्न पोरं हमखास विसरतात. कोण आलं याची बातमी होते, कोण गेलं ते आतल्या पानावर असतं किंवा दहा वर्षांपूर्वीच घडून गेलेलं असतं.

१९४७ च्या फेब्रुवारीत ब्रिटननं अमेरिकेला कळवलं की ग्रीस आणि तुर्कस्तानचा खर्च आता आम्हाला झेपत नाही. लगेच १२ मार्चला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन संसदेसमोर उभे राहिले आणि या दोन देशांसाठी ४० कोटी डॉलर मागितले. त्या भागात अमेरिकेला तोवर फारसा रस नव्हता, पण आपण गेलो नाही तर रशिया जाईल ही भीती पुरेशी झाली. १९६८ च्या जानेवारीत ब्रिटननं जाहीर केलं की सुएझच्या पूर्वेकडचं सैन्य आम्ही काढून घेणार, १९७१ संपेपर्यंत आखातातनं ते गेले, आणि त्याच काळात हिंदी महासागरात दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ उभा राहिला, ज्याच्यासाठी तिथल्या चागोस बेटांवरच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं. हे शेवटचं वाक्य बऱ्याच नोट्समध्ये नसतं. तुमच्या नोट्समध्ये घाला, कारण रिकामी जागा म्हणताना ती खरंच रिकामी होती का हे विचारलंच पाहिजे.

आणि जाणारं साम्राज्यच असलं पाहिजे असं काही नाही. दूतावास बंद झाला, मदतीची एखादी योजना गुंडाळली, विमानसेवा थांबली, एवढ्यानंसुद्धा जागा मोकळी होते.

आत कोण कुणाशी भांडतंय

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, घाई करू नका.

आपल्याकडं भाऊबंदकी कशी चालते ते माहीत आहे ना, दोन भावांचं बांधावरनं लागतं, थोरला तालुक्यातल्या एका पुढाऱ्याकडं जातो म्हणून धाकटा त्याच्या विरोधकाकडं जातो, आणि वर्षभरात त्या अर्ध्या गुंठ्याची निवडणूक होऊन जाते. पुढाऱ्यांना त्या बांधाशी काही देणंघेणं नसतं, पण समोरचा तिथं उभा आहे म्हटल्यावर त्यांनाही मागं हटता येत नाही. देशांचं अगदी असंच होतं.

आपल्या इतिहासात हे स्वच्छ दिसतं. १७०७ मध्ये औरंगजेब गेला, मोगलांनी शाहूंना कैदेतनं सोडलं, आणि सोडण्यात हिशोब हाच की शाहू आणि ताराबाई यांच्यात जुंपेल. तशी जुंपलीच. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या आणि त्या फटीत पुढं निजाम शिरला, कोल्हापूरच्या संभाजीराजांना हाताशी धरून, चौथाई द्यायची ती नक्की कुणाला, खरे छत्रपती कोण ते आधी ठरवा म्हणून पैसे अडवून बसला. १७२८ ला पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडलं हे सगळ्यांना पाठ असतं, पण माझ्या मते खरं काम १७३१ च्या वारणेच्या तहानं झालं. हरिपूरला संगमावर गेलात तर वारणा कृष्णेला मिळते ते समोर दिसतं, त्या वारणेची हद्द धरून दोघांनी वाटणी केली, दक्षिण बाजू कोल्हापूरला, आणि एकाचा वैरी तो दुसऱ्याचापण वैरी, एकमेकांची माणसं फोडून चाकरीला ठेवायची नाहीत, अशी कलमं घातली. घरातला वाद मिटला आणि त्या फटीतनं निजामाला येणं बंद झालं. पुढं पुण्यात उलटं घडलं. राघोबादादा इंग्रजांकडं गेले, १७७५ ला सुरतेचा तह केला, तर १७७७ मध्ये नाना फडणवीसांनी सेंट ल्युबिन नावाच्या फ्रेंच माणसाला पुण्यात मानानं ठेवून घेतलं, आणि कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडाली. इंग्रज-फ्रेंचांचं हाडवैर पुण्याच्या गादीच्या वादात आलं ते असं, दोन्ही दारं आतनं उघडून.

आता याच चष्म्यातनं विसाव्या शतकातलं एक प्रकरण नीट बघू, सोमालिया आणि इथिओपियाचं, कारण याच्याइतकं बोलकं दुसरं सापडत नाही.

सोमालियाच्या झेंड्यावर पाच टोकांचा तारा आहे. पाच टोकं म्हणजे सोमाली लोक राहतात ते पाच तुकडे, त्यातले दोन मिळून देश झाला, उरलेले तीन बाहेर राहिले, त्यातलाच एक ओगादेन, तो इथिओपियात. म्हणजे शेजाऱ्याशी वाद झेंड्यावरच काढलेला. इथिओपियात सम्राट हैले सेलासी, अमेरिकेचे दोस्त, तेव्हा इथिओपियात असलेल्या अस्माराला अमेरिकेचं मोठं रेडिओ केंद्र होतं. तिकडं अमेरिका म्हटल्यावर सोमालियाचे सियाद बारे रशियाकडं गेले, १९७४ ला मैत्रीचा करार केला, बर्बेरा बंदरात रशियन आरमाराला जागा दिली. इथपर्यंत दोन बाजू सरळ दिसतात.

त्याच १९७४ च्या सप्टेंबरात सम्राटाला लष्करानं खाली खेचलं. नवीन मंडळी डाव्या विचारांची, १९७७ ला मेंगिस्तू वर आले, अमेरिकेची मदत आटली आणि त्यांनी मॉस्कोचा रस्ता धरला. रशियाला वाटलं दोन्ही आपलेच झाले. मार्च १९७७ मध्ये क्यूबाचे कॅस्ट्रो समजूत घालायला गेले, म्हणाले तुम्ही सगळे समाजवादी आहात, एक संघराज्य करा. कुणी ऐकलं नाही. ओगादेनचं दुखणं मार्क्सच्या आधीचं होतं. जुलैमध्ये सोमालियाचं सैन्य ओगादेनमध्ये घुसलं, रशियानं मोठा देश निवडला म्हणजे इथिओपिया, नोव्हेंबरमध्ये बारेंनी रशियन सल्लागारांना हाकलून दिलं, रशियानं विमानं भरभरून शस्त्रं इथिओपियाला उतरवली, क्यूबाचे हजारो सैनिक आले, आणि मार्च १९७८ पर्यंत सोमालियाला माघार घ्यावी लागली. १९८० मध्ये बर्बेराची तीच बंदराची जागा वापरायचा करार अमेरिकेनं केला.

बघा काय झालं ते. दोन्ही महासत्तांनी बाजू अदलाबदल केल्या, सोमालिया आणि इथिओपियाचं भांडण मात्र जागचं हललं नाही. जे हललं नाही ते मूळ, आणि जे बदललं ते वरनं आलेलं. कुठल्याही प्रकरणात ही चाचणी लावून बघता येते. आणि याचे चटके लांबवर बसतात, त्या वेळी अमेरिका आणि रशियात अण्वस्त्रं कमी करायची जी बोलणी चालली होती ती या वाळवंटातल्या युद्धामुळं नासली असं अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष कार्टर यांचे सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की नंतर उघड म्हणायचे.

एक सावधगिरी. दार उघडणाऱ्याच्या हातात पुढं काही राहतं असं समजू नका. अफगाणिस्तानच्या साम्यवादी सरकारनं १९७९ मध्ये रशियाकडं परत परत सैन्य मागितलं होतं, डिसेंबरात ते आलं, आणि आल्या आल्या अध्यक्ष अमीन यांनाच मारलं.

छोट्यानं काय पदरात पाडून घेतलं

आपल्या वर्तमानपत्रांत छोटे देश म्हणजे प्यादी असं सर्रास लिहितात. मला ते पटत नाही. बरेच छोटे देश ही चढाओढ ओळखून वापरतात.

इजिप्तच्या नासेरना आस्वानचं धरण बांधायचं होतं. अमेरिका आणि ब्रिटननं सुरुवातीला मिळून ७ कोटी डॉलर आणि वर जागतिक बँकेचं २० कोटींचं कर्ज असा प्रस्ताव ठेवला. पण नासेरनी १९५५ मध्ये झेकोस्लोव्हाकियामार्गे रशियन शस्त्रं घेतली, पुढं चीनला मान्यता दिली, अमेरिकेनं १९ जुलै १९५६ ला हात काढून घेतला, आणि आठवड्यात, २६ जुलैला, नासेरनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. धरण नंतर रशियाच्या मदतीनं १९७० ला पूर्ण झालं. इथं रशिया इजिप्तमध्ये घुसला म्हणायचं की नासेरनी त्याला आणला म्हणायचं? माझ्या मते दुसरं.

आपणपण हेच केलंय आणि ते करणारा माणूस आपल्या कराडचा. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. पाकिस्तानला अमेरिकेनं एफ-१०४ ही सुपरसॉनिक विमानं दिलेली, १९६४ मध्ये यशवंतराव अमेरिकेला गेले, आपल्यालाही पाहिजेत म्हणाले, ती मिळाली नाहीत. नेहरू गेल्याची बातमी त्यांना त्याच दौऱ्यात कळली. नंतर ते मॉस्कोला गेले, रशियाबरोबर आधीच ठरलेलं मिग-२१ चं काम पक्कं झालं, आणि ती विमानं आपल्याकडं नाशिकच्या ओझरला बनायला लागली. बोकारोचा पोलाद कारखाना तसाच, अमेरिकेत विरोध झाला म्हणून रशियाकडनं घेतला. दक्षिण आशियात रशियाचा पाय घट्ट रोवला गेला तो असा, एका दुकानात माल नाही म्हटल्यावर शेजारच्या दुकानात जाऊन, आणि त्यात आपला फायदा होता हे मान्य करायला काही हरकत नाही.

आफ्रिकेतल्या खाणींचं बघा. झांबियाचं तांबं गोऱ्या राजवटींच्या मुलखातनं न नेता समुद्रावर काढायला रेल्वे पाहिजे होती, पाश्चात्त्यांनी हा धंदा परवडणारा नाही म्हणून नकार दिला, चीननं १९७० ते ७५ मध्ये १८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे बांधून दिली, दार-ए-सलामपर्यंत. आज त्याच तांबं-कोबाल्टच्या पट्ट्यातनं उलट्या दिशेला, अंगोलाच्या लोबितो बंदराकडं जाणाऱ्या रेल्वेला अमेरिका पैसे देतेय. मधल्या काळात, २०१६ मध्ये, काँगोतली मोठी तेन्के खाण अमेरिकन कंपनीनंच चिनी कंपनीला २६५ कोटी डॉलरला विकून टाकली होती. कोण गेलं आणि कोण आलं, दोन्ही रकाने इथं एकदम भरतात.

आता एक आख्खं प्रकरण सोडवून बघू

सोलोमन बेटं. २०२२ च्या एप्रिलमध्ये बातमी आली की चीननं त्यांच्याशी सुरक्षा करार केला आणि ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत खळबळ उडाली. वही उघडा.

जागा. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या मधल्या समुद्री रस्त्यावर. ग्वादलकनाल याच बेटांतलं, तिथल्या एका धावपट्टीसाठी १९४२-४३ मध्ये जपान आणि अमेरिका सहा महिने लढले. म्हणजे जागा नवीन नाहीच, आपण विसरलो होतो.

कोण गेलं. अमेरिकेनं तिथला दूतावास १९९३ मध्ये बंद केला. शीतयुद्ध संपलं, खर्च कशाला.

आतलं भांडण. मलायता बेट आणि ग्वादलकनाल बेट यांच्यात जमिनीवरनं, नोकऱ्यांवरनं जुना वाद, १९९८ पासून काही वर्षं त्यात रक्तपात झालेला. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान सोगावारेंच्या सरकारनं तैवानशी संबंध तोडून चीनशी जोडले. लगेच मलायता प्रांताचे मुख्य म्हणाले आम्ही तैवानबरोबरच. झाली का भाऊबंदकी? नोव्हेंबर २०२१ मध्ये राजधानी होनियारात दंगल उसळली, चायनाटाऊन जाळलं. सोगावारेंनी आधी ऑस्ट्रेलियाला पोलीस मागितले, ते आलेपण, आणि मग पाच महिन्यांत चीनशी करार केला.

तारखा एकाखाली एक लिहिल्या की शिडी दिसते. २०१९ तैवान सोडलं, २०२१ दंगल, २०२२ करार, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेनं तीस वर्षांनी दूतावास परत उघडला. एकाचं पाऊल पडलं की दुसऱ्याचं पडतंच, आणि दोघंही मनापासून म्हणतात आम्ही फक्त बचाव करतोय. कुणी सुरू केलं याच्यावर वाद घालत बसलात तर रात्र सरेल. त्यापेक्षा विचारा, सोगावारेंना काय मिळालं? पोलीस दोन्हीकडनं, पैसे दोन्हीकडनं, आणि खुर्चीला आधार. मलायताच्या माणसाला काय मिळालं हा प्रश्न वेगळा लिहा, त्याचं उत्तर फार थोडं आहे.

हे सगळं लिहायला अर्धा-पाऊण तास लागतो. एवढं केलं की मुख्य परीक्षेत या विषयावर काहीही विचारलं तरी तुमच्याकडं स्वतःचं उदाहरण असतं, पाठ केलेला परिच्छेद नसतो.

कुठं घसरायला होतं

एका शब्दात उत्तर मिळालं की सावध व्हा. श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर म्हटलं की सगळे कर्जाचा सापळा म्हणून मोकळे होतात. आता हे बघा: बंदर तेव्हाचे अध्यक्ष राजपक्षे यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात, पहिलं कर्ज २००७ चं. बंदर चालेना, २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं चिनी कंपनीला दिलं, ११२ कोटी डॉलर आले, आणि ते पैसे बंदराचं कर्ज फेडण्यापेक्षा परकीय चलनाची गंगाजळी भरायला वापरले. श्रीलंकेच्या डोक्यावर चीनपेक्षा मोठा बोजा आंतरराष्ट्रीय बाजारातल्या रोख्यांचा होता. चीनला मोक्याची जागा मिळाली हे खरंच आहे, आपल्याला त्याची काळजी पाहिजेच, पण दार कुणी उघडलं हे सोडून दिलं तर पुढचं हंबनटोटा आधी ओळखता येणार नाही.

दुसरं, आपल्या शेजाऱ्यांच्या बाबतीत मोजमाप बदलू नका. मालदीवमध्ये २०२३ मध्ये मुइझ्झू अध्यक्ष म्हणून निवडून आले, भारतीय सैनिकांना परत पाठवा म्हणाले, मे २०२४ पर्यंत ते परत आले, आपल्याकडं बहिष्काराची लाट आली. रागावणं समजू शकतो. पण मालदीवच्या नकाशावरनं बघितलं तर मोठा देश आपणच आहोत. १९८८ ला बंड झालं तेव्हा त्यांच्या सरकारनं बोलावल्यावर आपलंच सैन्य गेलं होतं. तिथला एक पक्ष आपल्याकडं झुकला की दुसरा चीनकडं जातो, निवडणूक त्यांची असते. आणि त्याच मुइझ्झूंनी ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत येऊन ४० कोटी डॉलरच्या चलन अदलाबदलीचा करार केला. आतलं राजकारण बघणाऱ्याला याचं आश्चर्य वाटलं नाही.

तिसरं थोडक्यात. बातमी ज्या देशाची आहे तिथलं एखादं वर्तमानपत्र शोधून वाचा, मोबाईलवर भाषांतर होऊन मिळतं. आपल्याकडच्या चॅनेलवर ओरडाआरडा चालू असतो तेव्हा त्यांच्या पहिल्या पानावर बहुतेक भाववाढ किंवा पाणीटंचाई असते, आणि धागा तिथंच सापडतो.

आता तुम्ही करा

ग्रीनलँड घ्या. साहित्य देतो, रकाने तुम्ही भरा. १९४० मध्ये जर्मनीनं डेन्मार्क घेतलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेनं ग्रीनलँडच्या राखणीचा करार केला. १९४६ मध्ये ट्रुमन सरकारनं १० कोटी डॉलरचं सोनं देऊन बेट विकत मागितलं, डेन्मार्कनं दिलं नाही, पण १९५१ च्या करारानं थुलेचा तळ झाला. २००९ च्या कायद्यानं ग्रीनलँडला जवळजवळ सगळा कारभार आणि पुढं स्वतंत्र व्हायचा हक्क मिळाला. २०१८ मध्ये एक चिनी सरकारी कंपनी तिथले विमानतळ बांधायला पुढं आली तर डेन्मार्कनं घाईघाईनं स्वतः पैसे घातले. २०२१ ची निवडणूक क्वानेफील्डच्या खाणीवरनं लढली गेली, तिथं दुर्मिळ मूलद्रव्यं आहेत, युरेनियमपण आहे, खाणवाल्या कंपनीत चिनी भागीदार होता, आणि खाणीला विरोध करणारा पक्ष जिंकला. २०१९ मध्ये आणि परत २०२५ मध्ये ट्रम्प म्हणाले, बेट आम्हाला पाहिजे.

या यादीत दार कुठं आहे ते शोधा. सुरुवात ट्रम्पपासून करू नका, २००९ च्या कायद्यापासून करा आणि ग्रीनलँडची राजधानी नूक, तिथल्या संसदेत कुठला पक्ष डेन्मार्कपासून किती लवकर वेगळं व्हायचं म्हणतो ते आधी लिहून काढा. विमानतळाच्या प्रकरणात ग्रीनलँडला काय मिळालं तो रकाना सगळ्यात सोपा आहे, तो शेवटी भरला तरी चालेल.